सोर्ने बेटाचं प्रेक्षणीय स्थळ

सोर्नेवर पाहण्यासारखं काही आहे का, असं कुणी विचारलं तर मी छत्तीस वर्षं प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणत आलो. मी इथल्या शाळेचा हेडमास्तर होतो, त्यामुळे खोटं बोलायची सोय नव्हती. बेट चार मैल लांब, दीड मैल रुंद. माणसं एकेचाळीस. मेंढ्या मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही. एक उभा दगड आहे, त्याला हात लावून डोळे मिटायला लोक लांबून येतात. तो फर्करच्या आजोबांनी गाईला पाठ घासायला म्हणून रोवला होता. हे मी एका जर्मन बाईंना सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून दगडाचा विषय निघाला की मी हवेबद्दल बोलतो.

अशा माणसावर प्रेक्षणीय स्थळ काढायची पाळी आली, ती बुधवारच्या बोटीमुळे.

बोट आमच्याकडे आठवड्यातून तीनदा येते. सोमवारी आणि शनिवारी वीस मिनिटं टेकते, पोती उतरवते आणि पळते. बुधवारी मात्र सकाळी नऊला येते, इथून मोठ्या बेटावर जाते आणि दुपारी चारला परत येते. म्हणजे बाहेरच्या माणसाला दिवसभर सोर्ने बघायचं असेल तर बुधवार, आणि सोर्नेच्या माणसाला मोठ्या बेटावर जाऊन त्याच दिवशी घरी यायचं असेल तरी बुधवारच. आमची पेगीआत्या दर बुधवारी जायची. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची चुलतबहीण, वय वर्षं ब्याऐंशी. तिची धाकटी बहीण क्रिस्टी मोठ्या बेटावरच्या वृद्धाश्रमात असते. क्रिस्टीला आता ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग शून्य. दोघी शेजारी शेजारी बसतात, विणतात, सूप पितात, आणि आत्या चारच्या बोटीने परत येते. सात वर्षांत वादळाखेरीज एकही बुधवार तिने चुकवलेला नव्हता.

मार्चमध्ये मुख्य भूमीवरच्या कार्यालयाचं पत्र आलं. बुधवारी पुरेसे प्रवासी नसतात, सबब फेरी बंद करण्याचा विचार आहे. मात्र बेटावर एखादं नोंदणीकृत प्रेक्षणीय स्थळ निघालं, आणि तिथे एकतीस ऑगस्टपर्यंत किमान दीडशे पाहुण्यांची नोंद झाली, तर फेरी चालू राहील.

शाळेच्या बंद पडलेल्या वर्गात सभा भरली.  मग एकेक करत सगळे माझ्याकडे बघायला लागले.

‘मास्तरांना वेळ आहे,’ फर्कर म्हणाला. फर्कर माझा शेजारी. मेंढ्या, होडी आणि इतरांची कामं सुचवणं हे त्याचे तीन उद्योग.

‘शिवाय घरात त्याची अडचणच होते,’ एफी म्हणाली. एफी ही माझी बायको आहे, हे वेगळं सांगायला नको.

मग सूचनांना ऊत आला. फर्करच्या मते खाडीत एखादा राक्षस असल्याचं जाहीर करावं, तो स्वतः रबरी कपडे घालून अधूनमधून डोकं वर काढेल. एफीच्या मते माणसं चहासाठी येतात, बाकी सगळं निमित्त. मी उभा राहून गंभीरपणे सांगितलं की सोर्नेला इतिहास आहे, आणि या वर्गात सोर्नेच्या जीवनाचं संग्रहालय उभं राहील. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. त्यातला एकजण हात चोळत होता, हे नंतर कळलं.

सभा संपल्यावर पेगीआत्या माझ्याजवळ आली. ‘टॉरमॉड, दीडशे नावं लागतात ना रे? नुसती नावं?’

‘हो आत्या, नावं. पण त्यासाठी आधी संग्रहालय—’

‘बरं,’ आत्या म्हणाली आणि काठी टेकत घरी गेली. म्हातारीला संग्रहालय म्हणजे काय ते कळलं नसावं, असं मला वाटलं.

अर्ज सव्वीस पानी होता. वाहनतळ किती गाड्यांचा, हा पहिला प्रश्न. बेटावर गाड्याच पाच, त्यातल्या दोन चालतात आणि उरलेल्या तिघींत कोंबड्या आहेत. ‘आग लागल्यास प्रेक्षकांनी कुठे जमावे?’ मी लिहिलं, ‘बाहेर’. अर्ज परत आला. ‘बाहेर’ हे ठिकाण पुरेसं नेमकं नाही म्हणे. मी भिंतीपलीकडची जागा नेमून हिरवी पाटी लावली. ‘प्रेक्षकांना संभाव्य धोके’ या रकान्यात त्या जागेचा विचार करून प्रामाणिकपणे ‘फर्करचा मेंढा’ असं लिहिलं. अर्ज पुन्हा परत आला. मेंढ्याच्या बंदोबस्ताची योजना स्वतंत्र कागदावर जोडावी. मी दीड पान लिहिलं. आयुष्यात मी जे काही गद्य लिहिलं त्यात ते दीड पान मी फार वर धरतो.

मग रस्त्यावरची पाटी आली. तिच्यावरचा बाण डावीकडे होता. शाळा उजवीकडे आहे आणि डावीकडे दलदल. मी कार्यालयाला कळवलं, त्यांचं उत्तर आलं की पाटी बदलून मिळायला चौदा महिने लागतील. फर्करने पाटी बघितली, डोकं खाजवलं आणि ती उलटी करून ठोकली. बाण उजवीकडे झाला. अक्षरं मात्र डोक्यावर उभी राहिली. लोक कंबरेत वाकून, मान खाली घालून ती वाचायचे आणि उठताना पाठ धरायचे. पण दलदलीत कुणी गेलं नाही, हे कबूल करायला हवं.

वस्तू जमवणं सोपं गेलं. सोर्नेची माणसं मनाने मोठी. पीट म्हणजे चुलीत जाळायची दलदलीतली माती, ती कापायच्या लांब फावड्या, मेंढ्या भादरायच्या कात्र्या, लोण्याची घुसळणी, जाळं विणायच्या सुया, हे सगळं आठवड्यात आलं. मी सुंदर अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या. ‘पूर्वी सोर्नेचे रहिवासी या फावडीने इंधनासाठी पीट कापत असत.’

फर्करने चिठ्ठी दोनदा वाचली. ‘पूर्वी म्हणजे?’

‘म्हणजे जुन्या काळी.’

‘मास्तर, मी काल कापलंय हिने.’

‘संग्रहालयात भूतकाळच वापरतात, फर्कर.’

‘मग मी मेलोय का?’ असं म्हणून त्याने फावडी खांद्यावर टाकली. ‘आज ऊन आहे. चारपर्यंत आणून देतो.’

इथेच माझ्या संग्रहालयाची मूळ अडचण दडलेली होती. पाऊस असला की प्रत्येक वस्तू जागेवर, कशी चकचकीत. ऊन पडलं की बेटावरचा प्रत्येकजण येऊन आपापली वस्तू कामाला घेऊन जायचा. आणि पाहुणे कधी येतात? उन्हात. मी नियम केला की वस्तू नेताना वहीत सही करायची. वही पाहुण्यांसाठी होती, पण बेटावर दुसरी कोरी वही नव्हती. रिकाम्या खिळ्याखाली मी चिठ्ठी लावायचो, ‘फर्करने नेली आहे, चारला येईल.’

तरी मी खचलो नाही. जून उजाडला. दर बुधवारी सकाळी मी टाय बांधून संग्रहालयाच्या दारात उभा राहायचो. बोटीतून दहा, कधी पंधरा माणसं उतरताना मला इथून दिसायची. धक्क्यापासून शाळेपर्यंत रस्ता अर्ध्या मैलाचा. एवढी माणसं निघायची आणि एकही पोचायचं नाही. पहिल्या बुधवारी मला खरोखर वाटलं की ती दलदलीत गेली.

ती चहा पीत होती. धक्का ते शाळा या वाटेवर सात घरं आहेत, आणि परक्या माणसाला दारावरून तसंच जाऊ देणं सोर्नेवर कुणाला जमलेलं नाही. ते नुसतं वाईट दिसत नाही, घराण्याला बट्टा लागतो. त्यामुळे पहिल्या घरी चहा आणि बिस्किट, दुसऱ्या घरी चहा आणि ओटची पोळी, तिसऱ्या घरी ‘एवढंच का खाल्लंस?’ असं करत करत पाहुणा सातव्या घरी पोचायचा. सातवं घर पेगीआत्याचं. शाळेच्या वळणावरच. तिथे स्कोन नावाचे ताजे भाजलेले छोटे पाव, लोणी, बोरांचा मुरंबा आणि चुलीसमोरची खुर्ची. त्या खुर्चीत बसलेला माणूस उठला तर बोटीच्या भोंग्यानेच उठायचा.

जुलै संपला. वहीत अकरा नावं होती.

मग माझ्या हातून ती गोष्ट घडली. धक्क्यावर मी पाटी लावली. ‘विनंती. पाहुण्यांना संग्रहालय पाहण्याआधी चहा देऊ नये.’

अर्ध्या तासात बेट थंड पडलं. दुकानात माझ्याशी कुणी बोलेना. सगळे फार नम्रपणे बाजूला व्हायचे, आणि आमच्याकडे नम्रपणा हाच शेवटचा इशारा असतो. एफी घरी आली ती कोट न काढताच म्हणाली, ‘माझी आई वरून बघत असेल. जावयाने सोर्नेच्या चहावर बंदी घातली!’

‘बंदी नाही, क्रम लावला मी फक्त.’

‘उद्या श्वास घ्यायचाही क्रम लाव.’

मी चिडून तडक आत्याकडे गेलो. ती पीठ मळत होती. मी म्हणालो, ‘आत्या, तू माझे पाहुणे पळवतेस. वळणावर बसून पळवतेस. बोट बंद झाली तर सगळ्यात जास्त नुकसान तुझंच आहे, एवढं तरी लक्षात घे.’

तिने हात थांबवले. माझ्याकडे बघितलं. ‘भिजलेले असतात रे पोरा ते,’ एवढंच म्हणाली आणि पुन्हा मळायला लागली. बाहेर पडल्यावर मला माझं बोलणं फार लागलं, पण परत जाऊन तसं सांगण्याएवढा मोठा मी नाही. पाटी मात्र संध्याकाळी गुपचूप काढली.

ऑगस्टच्या तिसऱ्या बुधवारी कार्यालयातून ड्रायसडेलबाई तपासणीला येणार होत्या. मी आदल्या दिवशी सर्वांना विनवलं की उद्याचा एक दिवस वस्तू जागेवर असू द्या. सगळ्यांनी मान डोलावली. बुधवारी असं ऊन पडलं की तीन आठवड्यांत पडलं नव्हतं. साडेनऊपर्यंत फावड्या गेल्या, दहाला कात्र्या गेल्या, अकराला घुसळणी. उरलं काय, तर शाळेची घंटा आणि भिंतीवर माझा फोटो. फोटोखालच्या चिठ्ठीत मीच लिहिलेलं होतं, ‘पूर्वी येथील मुख्याध्यापक.’

बाई बोटीतून उतरताना मी पाहिलं होतं. एक वाजला, दीड झाला. दोन वाजता मी टाय सैल केला आणि आत्याच्या घरी गेलो.

ड्रायसडेलबाई बूट काढून, पाय चुलीकडे करून बसल्या होत्या. हातात दुसरा स्कोन होता. मला बघून त्या लगबगीने उठल्या, पण सात घरचा चहा पोटात असलेल्या माणसाला लगबग जमत नाही. पुन्हा बसल्या.

‘तुम्हीच ते मेंढ्याचं लिहिलेलं?’ त्यांनी विचारलं. ‘आमच्या कार्यालयात सगळ्यांनी वाचलं.’

मला क्षणभर फार बरं वाटलं. मग त्यांनी वही मागितली.

‘अकरा नावं,’ त्या म्हणाल्या. ‘यात फर्कर मॅकफी हे गृहस्थ पाच वेळा आहेत.’

‘तो फावडी न्यायला येतो. सही करायची शिस्त मीच लावली.’

बाईंनी वही मिटली. फार हळू मिटली. ‘मला वाईट वाटतं, मास्तर. दीडशे हवी होती.’

मी खाली बघत उभा राहिलो. छत्तीस वर्षं पोरांना नापास करताना मी असाच आवाज लावला असेन का, असा विचार मनात आला.

‘नावं इथे आहेत की,’ पेगीआत्या म्हणाली. ती टेबलावरच्या बशा उचलत होती. बशा गेल्या, मुरंब्याची बरणी गेली, आणि खालचा पांढरा टेबलक्लॉथ उघडा झाला. त्यावर नावंच नावं. कडेने रंगीत दोऱ्यात भरलेली जुनी, आणि आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली या उन्हाळ्याची, प्रत्येकासमोर तारीख.

टेबलक्लॉथ मला लहानपणापासून माहीत होता. चहाला आलेल्या परक्या माणसाने पेन्सिलीने नाव लिहायचं आणि आत्याने ते हिवाळ्यात दोऱ्याने भरायचं, ही तिच्या आईपासूनची रीत. मी त्याच्यावर कोपरं टेकून हजारदा चहा प्यायलो होतो. माझ्या डोक्यात आलंच नाही.

बाईंनी बोट फिरवत या उन्हाळ्याची नावं मोजली. एकशे अठ्ठावन्न.

मी आनंदाने ओरडणार होतो, पण बाईंचा चेहरा उतरला होता. त्यांनी पिशवीतून नियमांचा कागद काढला. ‘नोंद कायमस्वरूपी व पुसता न येणारी असावी. ही पेन्सिल आहे.’

‘हिवाळ्यात भरते ना मी दोऱ्याने,’ आत्या म्हणाली. ‘ही बघ, ही आईने भरलेली. नव्वद वर्षं धुतोय आम्ही. गेलंय का एक अक्षर?’

बाईंनी वाकून जुनी नावं बघितली, नखाने ओढून बघितली. मग म्हणाल्या, ‘दोरा चालणार नाही असं नियमात कुठे लिहिलेलं नाही. पण हिवाळा नाही, एकतीस ऑगस्ट. फोटो पाठवा.’ निघताना त्यांनी स्वतःच पेन्सिल उचलली आणि सही केली. एकशे एकोणसाठ.

अकरा दिवस. त्यात दोन रविवार, आणि रविवारी सोर्नेवर कपडे वाळत घालत नाहीत तिथे सुई धरायचं कुणी मनातही आणत नाही. उरले नऊ. आत्याचे डोळे आता एका दिवसात तीन नावांपुढे जात नव्हते.

तेव्हा शाळेतली सगळी टेबलं एकत्र लावली आणि टेबलक्लॉथ मधे पसरला. माझ्या संग्रहालयात पहिल्यांदा गर्दी झाली. एका वेळी आठजण चारी बाजूंनी बसायचे, बाकीचे चहा करायचे आणि चुका काढायचे. सगळ्यात सुबक टाका फर्करचा, कारण आयुष्यभर त्याने जाळी दुरुस्त केलेली. त्याची ती जाडजूड बोटं अशी काही चालायची की एफी कामं टाकून बघत राहायची. मला एका डच गृहस्थांचं नाव आलं, ‘व्हॅन डेन ब्रूकहॉवेन’. मी त्यावर अडीच दिवस घालवले.

‘मास्तर, तो माणूस एव्हाना घरी पोचून मेला असेल,’ फर्कर म्हणाला.

‘तुझं नाव पाच वेळा भरायचं नाहीये, हेच नशीब,’ मी म्हणालो. तीन आठवड्यांनी बेट माझ्याकडे बघून मोकळेपणाने हसलं.

फर्करला मधोमध एक रिकामी जागा दिसली, बशीएवढी. तिथे तो ड्रायसडेलबाईंचं नाव हलवायला निघाला तर आत्याने त्याच्या हातावर चापट मारली. ‘ती जागा सोड.’

ब्रूकहॉवेन भरताना माझी नजर तारखांवरून फिरत होती. चार जून. अकरा जून. अठरा. मग जुलैचे सगळे. सगळे बुधवार, एकही सुटलेला नाही. माझी सुई थांबली. या उन्हाळ्यात आत्या बोटीवर दिसली नव्हती, आणि मी तिचा गुडघा दुखत असेल असं ठरवून मोकळा झालो होतो.

‘आत्या, तू सगळे बुधवार घरीच होतीस?’

‘मग स्कोन काय आपोआप भाजतात?’

‘आणि क्रिस्टी?’

ती दोरा ओवत होती. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला. ‘पत्र लिहिलं तिला. म्हटलं, हा उन्हाळा येत नाही, म्हणजे पुढे येता येईल. नर्सने वाचून दाखवलं असेल. म्हणजे... धरलं असेल डोळ्यांसमोर.’ मग म्हणाली, ‘तूच म्हणालास ना, नावं लागतात.’

 माझ्या पाटीचा आणि त्या दिवशीच्या माझ्या बोलण्याचा विचार करून मला जमिनीत जावंसं वाटलं. ‘आत्या, मी गाढव आहे,’ मी सगळ्यांसमोर म्हणालो.

‘असू दे रे. टाका नीट घाल.’

शनिवारच्या बोटीने फोटो गेले. आठवड्याने पत्र आलं. फेरी चालू राहणार होती. सोबत नोंदणीचं प्रमाणपत्र होतं. स्थळाचं नाव, ‘पेगीचा टेबलक्लॉथ (शेजारी संग्रहालय)’. सव्वीस पानं, हिरवी पाटी आणि मेंढ्यावरचं दीड पान एवढं करून मी कंसात गेलो. एफीने ते चौकटीत बसवून माझ्या फोटोशेजारी लावलं.

आणि मग सप्टेंबरचा बुधवार आला. आत्याने ठेवणीतली टोपी घातली, टेबलक्लॉथ गुंडाळून काखेत मारला आणि धक्क्यावर निघाली. जाता जाता माझ्या हातात तिचा एप्रन दिला. ‘पीठ मळून ठेवलंय. पाहुणे येतील. चूल डावीकडून जास्त तापते.’

प्रेक्षणीय स्थळ बघायला माणसं येणार त्याच दिवशी प्रेक्षणीय स्थळ बोटीने परगावी जाणार, हे सहा महिन्यांत एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. कार्यालयाच्याही नाही.

चौदाजण आले. त्यातल्या एका बाईंनी दारातून डोकावून मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, ‘पेगी म्हणजे तुम्हीच का?’ मी छत्तीस वर्षांचा हेडमास्तर, पीठ कोपरापर्यंत. म्हटलं, ‘आज मीच. या, बसा, भिजलात.’ टेबलक्लॉथ नव्हता, म्हणून संग्रहालयातली वही आणून ठेवली. चौदाच्या चौदा जणांनी सही केली. एकाने शेरा लिहिला, ‘स्कोन जरा कडक. यजमान प्रेमळ. संग्रहालय बघायला वेळ झाला नाही.’

चारला बोट आली. आत्या उतरली ती माझ्या हातातून एप्रनही न घेता आत जाऊन टेबलाशी बसली आणि टेबलक्लॉथ उलगडला. मधल्या रिकाम्या जागेत पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘क्रिस्टी’. अक्षरं वाकडी, शेवटचं तर पार खाली घसरलेलं. खाली तारीख होती.

‘चाळीस मिनिटं लिहीत होती,’ आत्या म्हणाली. ‘प्रत्येक नाव वाचलं तिने. मग माझ्या पाठीवर थोपटलं.’ तिने त्या नावावरून बोट फिरवलं. ‘हिला धरतात का रे तुमच्या त्या मोजणीत?’

‘पहिली धरतात,’ मी म्हणालो.  ‘सुई कुठे आहे तुझी? मी भरतो हे नाव.’

‘तू हात लावू नकोस,’ आत्या म्हणाली. ‘ब्रूकहॉवेन आत्ताच उसवायला लागलाय. जा, फर्करला बोलाव. आणि चहा टाक.’